आईच्या वासाचं फडकं

"हळू बोला, पावणं झोपलंय."

भोरच्या आमच्या दवाखान्यात तान्ह्या बाळांच्या खोलीचं दार उघडलं की आधी हे कानावर यायचं. म्हणणाऱ्या आमच्या मोठ्या सिस्टर, भोंगवलीच्या. वेळेआधी जन्मलेलं, ओंजळीत मावेल असं प्रत्येक बाळ त्यांच्या लेखी पाहुणा. मी त्यांच्या हाताखालची नर्स, आणि माझा आवाज मुळात एसटीच्या कंडक्टरसारखा, त्यामुळे सगळ्यात जास्त बोलणी मीच खाल्ली.

दुपारी पडदे ओढले की ती खोली धरणाच्या पाण्याखाली गेल्यासारखी वाटायची. हिरवट उजेड, यंत्रांचा संथ आवाज आणि त्यात चाहूल न देता फिरणाऱ्या सिस्टर. इतकी लहान बाळं मधेच श्वास घ्यायला विसरतात. तुम्हाला खोटं वाटेल, पण यंत्र ओरडायच्या आत सिस्टरचं बोट बाळाच्या तळव्यावरून फिरलेलं असायचं. "इसरलास व्हय रं?" एवढंच म्हणायच्या. बाळ दचकायचं आणि छाती पुन्हा हलायला लागायची.

एकदा वेल्ह्याच्या डोंगरातली एक पोर आमच्याकडे बाळंत झाली. तिचं पहिलं मूल गेलेलं. हे दुसरं काचेच्या पेटीत, आणि ही दारातच उभी. आपला हात लागला तर हेही जाईल, असं तिनं मनाशी धरलेलं. तिची सासू समजावून दमली, मीही दमले. बाळ काही अंग धरेना. त्याला आईच्या छातीची ऊब हवी होती, आणि ती तर पेटीजवळसुद्धा येईना.

सिस्टर रागावल्या नाहीत. त्यांनी तिला एक मऊ स्वच्छ फडकं दिलं. छातीशी ठेवून नीज आणि सकाळी पाठव, बाळाला तुझा वास तरी मिळू दे, म्हणाल्या. सकाळी सासूबाई फडकं घेऊन हजर. बाळाला द्यायचं म्हणून साबणानं खसाखसा धुऊन, वाळवून, घडी घालून आणलेलं. मी कपाळाला हात लावला. सिस्टर खुदकन हसल्या.

"आजी, पावण्याला साबण नगं. आई पायजे."

दुसरं फडकं दिलं. ते न धुता आलं. सिस्टरनी ते बाळाच्या गालाशी ठेवलं आणि त्या पोरीला काचेजवळ बोलावलं. बाळानं नाक हलवलं, तोंड फडक्याकडं वळवलं, ओठ चोखल्यासारखे केले.

"मला वळखतंय व्हय?" तिनं विचारलं.

"कवापासनं तुलाच हुडकतंय."

त्याच दुपारी ती आपणहून बाळाला छातीशी घ्यायला तयार झाली.

बाळ जगलं. आता शाळेत जातं म्हणे. सिस्टर मात्र गेल्या वर्षी आजारात गेल्या. आठवण आली की मला तीच दुपार दिसते. ती पोर खुर्चीत रेललेली, पोलक्याच्या आत बाळ उघड्या छातीशी. एकटीनं धरायचा धीर तिला अजून नव्हता, म्हणून सिस्टरनी बाळाखाली आपला हात आधाराला धरलेला. किती तरी वेळ. हळूहळू मायलेकरांचा श्वास संथ झाला, तिचे डोळे मिटले. मग सिस्टरनी आपला हात अलगद काढून घेतला. तिला ते कळलंही नाही.