संतोषदेवींच्या चेहऱ्यावरचा उजेड

"सर, हे सगळे आधार कार्डावरचे फोटो वाटतायत." प्रेरणाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

इकडे हिंदी मुलखात, सीतापुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गारमेंट एक्स्पोर्ट युनिटची ती एचआर मॅनेजर, मूळची अकोल्याची. तिच्यामुळेच मला हे काम मिळालं होतं. कॅटलॉगसाठी शिवणकाम करणाऱ्या बारा बायकांची पोर्ट्रेट्स हवी होती. आदल्या दिवशी मी ती काढली, पंचवीस वर्षांच्या सवयीने. खांदा जरा तिरका, हनुवटी खाली, हात मांडीवर, स्माइल. टेक्निकली एकही चूक नव्हती. बायका मात्र पोलीस चौकीत बसवल्यासारख्या दिसत होत्या.

"मालकांनी रेहानाला बोलावलंय," ती हळूच म्हणाली. "दोघांनी मिळून करा म्हणाले. रागावू नका ना सर."

विद्याधर नगरात माझा स्टुडिओ आहे. रेहानाकडे एक कॅमेरा आणि एक लेन्स. तरी दोन वर्षांत माझे तीन जुने क्लायंट तिच्याकडे गेले होते. तिचे फोटो मी इन्स्टाग्रामवर रोज बघायचो, चुका शोधायला. लाइक कधीच केलं नाही.

ती आली आणि कॅमेरा न काढता बायकांमध्ये जमिनीवर बसली. अर्धा तास गप्पा.

"हा काय टाइमपास?" मी प्रेरणाला म्हणालो.

मग रेहानाने दोघींना एका लांब ओढणीची घडी करायला दिली. तिसरीला सुई ओवायला सांगितली. हात कामाला लागले तसे खांदे आपोआप सैल झाले, चेहरे मोकळे झाले. ती फक्त क्लिक करत होती. दहा मिनिटांत मला सगळं कळलं, आणि कळल्यामुळे जास्तच जळफळाट झाला. इतकी साधी गोष्ट मला का सुचली नव्हती?

शेवटी संतोषदेवी आल्या. त्यांचे पुढचे दोन दात तुटलेले, त्यामुळे हात सतत तोंडावर. आदल्या दिवशी मी त्यांना चारदा "हाथ नीचे" म्हटलं होतं. त्यांनी हात खाली घेतला आणि ओठ घट्ट मिटले.

"सर, रिफ्लेक्टर धराल?" रेहानाने मला हिंदीत विचारलं. रिफ्लेक्टर म्हणजे पांढरा गोल पडदा. खिडकीतला उजेड तो चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूवर टाकतो. नाही कसं म्हणणार? धरला.

तिने पिशवीतून स्वतः शिवलेला कुर्ता काढून संतोषदेवींच्या हातात दिला. "दीदी, यात काय चुकलंय?"

त्यांनी दोन्ही हातांनी तो उलटसुलट केला. एक बाही दुसरीपेक्षा चार बोटं लांब होती. "ये किसने सिला?"

"मीच!"

संतोषदेवी खदखदून हसल्या. तोंडावर हात नव्हता. मला दिसलं, हाच कॅटलॉगच्या कव्हरचा फोटो. आणि माझ्या मनगटाने रिफ्लेक्टर थोडा वळवला. जेमतेम चार इंच. अर्धा चेहरा काळवंडला. कुणाला कळणारही नव्हतं.

"भाईसाहब," संतोषदेवी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रोशनी हट गई."

काल जी बाई चेहरा लपवत होती, ती आज उजेड मागत होती, तोही माझ्याकडे. माझे कान तापले. मी रिफ्लेक्टर सरळ केला आणि हात भरून आले तरी हलू दिला नाही. रेहानाने आणखी सहा-सात फोटो काढले.

नंतर कँटीनमध्ये चहा घेताना मी तिला म्हणालो, "तो मी मुद्दाम फिरवला होता."

"दिसलं मला," ती कपात फुंकर घालत म्हणाली. "नंतर मात्र छान धरलात."

कव्हरवर संतोषदेवी आल्या. खाली नाव रेहानाचं. माझा एकच फोटो आत लागला, बारा बायकांचा ग्रुप. पुढच्या सीझनचं काम तिलाच गेलं, आणि मालकांनी ते मला प्रेरणाकडून कळवलं.

आता मी कुणाला हात कुठे ठेवायचे ते सांगत नाही. हातांना काहीतरी काम देतो. माझी पोर्ट्रेट्स खरंच सुधारली आहेत. रेहानाची त्याहून जास्त सुधारली आहेत, आणि त्याचा त्रास अजूनही होतो. फरक इतकाच की आता मी लाइक करतो.