पत्तीवाल्या आंटीची लिंबोणी

आमची ही कुणाच्या घरी गेली की आधी माणसांना भेटायची नाही, अंगणातल्या झाडांना भेटायची. पिवळं पान दिसलं की तोडायची, उन्हासमोर धरायची आणि चष्म्याच्या डबीत ठेवायची. चष्मा डोक्यावर, नाहीतर हरवलेला. मेट्रोत माझ्या शेजारी बसून डबी उघडायची आणि पानं उलटीपालटी करून बघायची. मी म्हणायचो, "अगं, बंद कर ते. लोकांना वाटेल म्हातारी विडा लावतेय." ती म्हणायची, "वाटू दे. त्यांना कुठे द्यायचाय."

मयूर विहारातल्या आमच्या तळमजल्याच्या फ्लॅटला मागे खाट मावेल एवढं अंगण आहे. तिथे तिने लिंबोणी लावली. झाडाची लिंबं ब्लॉकभर गेली आणि पानं बघण्यावरून हिचं नाव पडलं, पत्तीवाली आंटी. बायका हातात पान घेऊन दारात यायच्या, "आंटी, ज़रा देखना." ही हातातली पोळी तव्यावर टाकून बाहेर. ती पोळी मी खायचो, करपलेली.

तिचं बोलणं सरळ होतं. खालची जुनी पानं पिवळी आणि शेंडा हिरवा असला तर, "उपाशी आहे, शेणखत घाला." शेंड्याचं कोवळं पान पिवळं आणि शिरा तेवढ्या हिरव्या असल्या तर, "खातंय, पण अंगी लागत नाही. मातीत मलबा असणार." तो असायचाच. आमच्या कॉलनीत कुठेही खणा, बांधकामाचा चुना आणि विटांचे तुकडे निघतात.

दर वेळी तिचं बरोबर यायचं असंही नाही. एकदा कोपऱ्यावरच्या घरातल्या पेरूवर पांढरे ठिपके बघून ती म्हणाली, रोग आहे. कडुनिंबाचा पाला उकळून फवारा मारला, घरभर वास. ठिपके नखाने खरवडले तर वरच्या बाल्कनीला लावलेला डिस्टेंपर निघाला. डबी बंद करून म्हणाली, "रंगारी तरी बरा बघायचा." माफीबिफी नाही.

पण एक गोष्ट तिने कधी सोडली नाही. पान बघून झालं की बोट मातीत घालायची, दुसऱ्या पेरापर्यंत, आणि वास घ्यायची. "पान नुसती चुगली करतं," म्हणायची, "भानगड खाली असते." माणसांशीही तसंच. मी जन्मभर सरकारी गाडी चालवली. साहेबांवर चिडून घरी आलो की ऑफिसचं काही विचारायची नाही. म्हणायची, "दुपारचा डबा खाल्लात का?" खाल्लेला नसायचा.

थंडीत ती गेली. हॉस्पिटलात शेवटी बोलणं कमी झालं होतं. एका सकाळी म्हणाली, "लिंबोणीचं पान आणा." आणलं. तिला धरता येईना, मी खिडकीसमोर धरलं. बघून म्हणाली, "ही ठीक आहे. आता तुम्ही वाका." वाकलो तर माझी पापणी खाली ओढून बघितली. "तुम्ही नाही ठीक. जेवत जा."

होळी झाली आणि लिंबोणी पिवळी पडायला लागली. जुनी पानं, नवी पानं, सगळीच. हात लागला तरी गळायची. माळी म्हणाला, "बाबूजी, ये तो गया. निकलवा दो." आमचा सुहास म्हणाला, "बाबा, रोज बघून त्रासच होतो यार. काढू आणि टाइल्स लावून घेऊ."

मी म्हटलं, "एक गेली. हिला जाऊ देणार नाही. टाइल्स तुझ्या डोक्यावर लाव."

बोललो खरा, पण मला त्यातलं काय कळतं? स्टूल घेऊन झाडासमोर बसलो. पानंच बघत होतो. मग तिचं बोलणं आठवलं आणि बोट मातीत घातलं. नुसता चिखल. वास गटाराचा.

संध्याकाळी चहाला सगळ्यांना अंगणात बसवलं आणि विचारलं, "हिला पाणी कोण घालतं?"

"मी," सुहास म्हणाला. "ऑफिसला जाताना एक बादली. आईचं झाड आहे ना."

सून म्हणाली, "दुपारी मी घालते, बाबा. मला वाटलं, कुणाचं लक्षच नाही."

वरच्या बाल्कनीतून भल्लाबाईंनी ऐकलं. "शाम को मैं पाइप छोड़ देती हूँ, भाईसाहब. बहनजी का पेड़ प्यासा न रहे."

चौथा मी. पहाटे झोप लागत नाही, तेव्हा पहिली बादली मीच ओतत होतो. कुणी कुणाकडे बघेना.

"आजपासून पाणी बंद," मी म्हटलं. "कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही."

खुरपं घेतलं आणि मुळांना धक्का न लावता मलबा काढला, पाणी निघून जायला चर खणला. पाठ मोडली, पण केलं. मग खुर्ची टाकून राखणीला बसलो. भल्लाबाई वरून म्हणायच्या, "भाईसाहब, सूख जाएगा." मी म्हणायचो, "सूखने दो जी. आंटी का तरीका है." पानं झडत गेली, काटे तेवढे उरले. पहाटे हात बादलीकडे जायचा. शेवटी बादली सुनेच्या ताब्यात दिली आणि सांगितलं, मागितली तरी देऊ नकोस. मी मागितली. तिने दिली नाही.

ऊन तापायला लागलं तेव्हा एका काट्याशेजारी पान आलं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. आमच्या हिने तोडून डबीत टाकलं असतं. मी फांदीच वाकवून उन्हासमोर धरली. सगळं हिरवं.

सुहास ऑफिसला निघाला होता. पाठीवर बॅग, इस्त्रीचा शर्ट. झाडापाशी थांबला, बाही वर केली आणि बोट मातीत घातलं, दुसऱ्या पेरापर्यंत. वास घेतला. मी त्याला शिकवलं नव्हतं.

"कोरडी आहे, बाबा. घालू का?"

"घाल," मी म्हटलं. "अर्धा मग. आणि वर भल्लाबाईंना सांगू नकोस."