उन्हात नेलेली खुर्ची

घशाच्या आजाराने नवऱ्याचं गिळणं बंद होत आलं, त्याच आठवड्यात मला सातवीला झाडं आपलं अन्न कसं बनवतात हे शिकवायचं होतं. ऊन, पाणी, हवा आणि पानातलं हरितद्रव्य, एवढ्यावर साखर तयार. चूल नको, चावणं नको, गिळणं नको. फळ्यावर लिहिताना मला झाडांचा राग आला. खोटं कशाला सांगू, हेवाच होता तो.

नवरा खाण्यावर जीव टाकणारा. जैनाबादच्या मळ्यांतून केळीचे ट्रक भरून दिले की घरी यायच्या आधी मावा जलेबीच्या दुकानाशी थांबणार म्हणजे थांबणार. आता वाटीभर पेज पुढ्यात घेऊन ते नुसते बसून राहायचे. इंदूरच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. भेटायला येणारे मात्र "थोडं थोडं खात जा" असं शहाणपण शिकवायचे आणि माझा चहा पिऊन जायचे.

प्रयोगासाठी मी शाळेतली जास्वंदीची कुंडी घरी आणून कपाटात बंद केली. पानांत साठलेला स्टार्च आधी संपवावा लागतो, म्हणून झाड अंधारात ठेवतात.

"त्याले कायले उपाशी ठेवते?" त्यांनी विचारलं.

"अंधारात ते आपलं साठवलेलंच खातं."

ते आपल्या वाळलेल्या मनगटाकडे बघून हसले. "मंग माह्यासारखंच झालं. अन् ऊन दिलं का?"

"पुन्हा बनवतं."

"तर मले बी ठेव ना उन्हात."

त्यांनी मजाकच केला होता. पण सकाळी कुंडी अंगणात काढली, तेव्हा शेजारच्या भाऊंना हाक मारली आणि आम्ही दोघांनी खुर्चीसकट त्यांना कुंडीशेजारी नेऊन ठेवलं. एका पानावर मी काळ्या कागदाची पट्टी लावली होती. दुपारी तेच पान तोडून शाळेत नेलं.

गरम स्पिरिटमध्ये पानाचा हिरवा रंग उतरला. वर आयोडीन टाकलं. पट्टीखालचा भाग फिकाच राहिला, बाकीचं पान निळंकाळं झालं.

"मॅडम, सच में काला हो गया," पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली. उन्हाने आपलं काम केलं होतं. मला रडू आलं, म्हणून मी फळा पुसत उभी राहिले.

घरी आले तर पेजेवर साय धरली होती. ऊन सरकून भिंतीपाशी गेलं होतं आणि ते सावलीत होते.

"ऊन गेलं," ते एवढंच म्हणाले.

मग तो नेमच झाला. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायची. त्याने काही होणार नाही हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

पुढे दिवाळीच्या सुमारास भाऊंना हाक मारणं मी सोडून दिलं. खुर्चीसकट त्यांना मी एकटीच उचलत होते.