अमेरिकेतल्या वकिलाचा सीमाप्रश्न

त्या अमेरिकन वकिलाशी माझं काही देणंघेणं नव्हतं. पुण्याच्या एका प्रकाशकानं त्याचं इंग्रजी चरित्र मराठीत करायला माझ्याकडे पाठवलं, ते केवळ आधीच्या अनुवादकानं तिसऱ्या प्रकरणात हात टेकले म्हणून. मी निपाणीच्या एका हायस्कुलात तीस वर्षं इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. आता बेळगावात वडिलांजवळ राहते आणि मिळेल तो अनुवाद करते. हा माणूस कोण, ते मला ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीत अमेरिकेतला एकच राजकारणी लोकांना माहीत आहे, आणि तो हा नव्हे.

पहिल्याच ओळीत तो 'कॉन्झर्व्हेटिव्ह' निघाला. आता याला काय म्हणायचं? सनातनी म्हणावं तर डोळ्यांपुढे गंध लावलेला माणूस येतो, आणि हा दर रविवारी चर्चला जाणारा. पुराणमतवादी म्हणावं तर शिवी वाटते, आणि चरित्रकारानं ते कौतुकानं लिहिलेलं. परंपरावादी, रूढिप्रिय, सगळं लिहून खोडून झालं. शेवटी वडिलांना विचारलं. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वय चौऱ्याऐंशी, बेळगाव कोर्टातले जुने वकील.

“जुन्या वळणाचा, असं लिही,” ते म्हणाले. “लोकास्नी कळतंय.”

“म्हणजे तुमच्यासारखा?”

“मी जुन्या वळणाचा न्हाय. मी नुसता जुना हाय.”

काचबिंदूनं आप्पांची नजर जवळजवळ गेली आहे. पण त्यांचं खरं दुखणं ते नव्हे. आमचं मूळ गाव उचगावच्या वाटेवर आहे. दोन वर्षांपूर्वी तिथल्या वाचनालयात भाषण करताना ते मध्येच थांबले. पुढचं वाक्य आठवेना. मिनिटभर तसेच उभे राहिले आणि खाली बसले. त्यानंतर त्यांना कुणी कुठं बोलावलं नाही. या माणसानं चाळीस वर्षं गावोगाव सीमाप्रश्नावर भाषणं केली. ही रेघ चुकीच्या जागी मारली, आम्हाला महाराष्ट्रात घ्या, एवढंच त्या भाषणांचं सार. त्यापायी ते दोनदा तुरुंगात जाऊन आले, एकदा निवडणुकीला उभे राहून पडले. आता तेच लोक लांबूनच नमस्कार करून पुढे जातात. आप्पा बोलून दाखवत नाहीत, पण फोन वाजला की त्यांची मान वळते, आणि फोन माझा असला की परत भिंतीकडे जाते. मला ते बघवत नाही.

म्हणून अनुवाद झालेली पानं मी रोज दुपारी त्यांना वाचून दाखवायला लागले. त्यांनाही तो वकील आवडायला लागला. त्याचा जन्म अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या एका राज्यातला, गाव लहान, बाप धान्याचा व्यापारी. शिकून वकील झाला, काही वर्षं सरकारी वकील होता. एका विधवेचा जमिनीचा दावा त्यानं काही न घेता सात वर्षं चालवला. बायको अंथरुणाला खिळल्यावर तिचं सगळं स्वतः केलं. पहिल्या निवडणुकीत आपटला, हे ऐकल्यावर आप्पांनी मांडीवर थाप मारली.

“पडला व्हय? मग माणूस बरा असणार.”

चौथ्या प्रकरणात मी घोटाळा केला. तिथं आलं 'बॉर्डर', आणि माझ्या हातानं आपोआप लिहिलं 'सीमाप्रश्न'. या भागात वाढलेल्या कुणाच्याही हातून तेच झालं असतं. सीमा म्हटलं की इथं पुढचा शब्द ठरलेला असतो. दुपारी मी वाचलं, 'वकिली बाजूला ठेवून त्यांनी सीमाप्रश्नाला वाहून घेतलं.' आप्पा पलंगावर उठून बसले.

“तिथंबी हाय?”

“काय?”

“सीमाप्रश्न.”

“आहे म्हणायचं.”

“आन् केंद्र सरकार ऐकत न्हाय त्यांचंबी?”

“नाही ऐकत, असं लिहिलंय.” खरंच तसं लिहिलं होतं. राजधानीत बसलेल्यांना सीमेवरच्या माणसाचं दुखणं कळत नाही, हे त्या वकिलाचं वाक्य मी शब्दशः उतरवलं होतं. आप्पांनी ते तीनदा वाचायला लावलं.

पाचव्या प्रकरणात माझ्या लक्षात आलं. या माणसाचं म्हणणं होतं की रेघ जिथं आहे तिथं बरोबर आहे. ती ओलांडून येणाऱ्या माणसांना अडवा, आत आलेल्यांना परत पाठवा. हेच सांगत तो पुढे निवडूनही आला. सरहद्द हा शब्द मला माहीत होता. सरहद्दीचा बंदोबस्त, असं लिहिलं असतं तर कुणाचाही गैरसमज झाला नसता. प्रकाशकाच्या प्रतीत मी तसंच लिहिलं. आप्पांना वाचताना मात्र 'सीमाप्रश्न' कायम ठेवला, आणि कुंपण, पहारेकरी, परत पाठवलेली कुटुंबं, हे सगळं गाळत गेले. शाळेत याच्या निम्म्या लबाडीला मी मुलांचे मार्क कापले असते. पण आप्पा रोज दाढी करायला लागले होते. जुन्या मित्रांना फोन लावून सांगत होते, “अमेरिकेतबी एक वकील हाय, आपल्यासारखाच.” ते थांबवण्याची मला हिंमत झाली नाही.

त्यात मलाच त्या माणसाचं काही कळेना. विधवेसाठी सात वर्षं झिजणारा तोच, आणि लेकराला कडेवर घेऊन आलेल्या बाईला कागद नाहीत म्हणून परत पाठवा म्हणणाराही तोच. मला त्याचा राग येई, आणि पुढच्याच पानावर तो बायकोचे केस विंचरत असे. चरित्रकाराला यात काही खटकत नव्हतं. मला एक पान धड आवडत नव्हतं आणि एक पान धड नावडत नव्हतं.

अशात एका संध्याकाळी वाचनालयाचा चिटणीस घरी आला. हा चाळिशीचा गृहस्थ बँकेत नोकरीला आहे. आप्पांचे फोन गावात पोचले होते.

“आप्पा, ह्या रविवारी वाचनालयात बोलायला या,” तो म्हणाला. “त्या अमेरिकेच्या वकिलावर. लोक विचारायला लागल्यात.”

आप्पांनी विचार करतोय असं दाखवलं, पण ते जेमतेम दहा सेकंद. गावात आता इंजिनियर आहेत, अमेरिकेत राहून आलेली पोरं आहेत. एकानं मोबाइलवर शोधलं असतं तरी आप्पांचं भर सभेत हसं झालं असतं. एकदा वाक्य विसरलेल्या म्हाताऱ्याला ही दुसरी संधी मिळत होती; तिसरी कुणी देत नाही.

शनिवारी सकाळी मी सांगून टाकलं.

“आप्पा, त्याचा सीमाप्रश्न आपल्यासारखा नाही.”

“म्हंजे?”

“त्याला रेघ हलवायची नाही. रेघ ओलांडून येणाऱ्यांना परत पाठवायचंय. कामधंद्याला आलेली माणसं, मुलाबाळांसकट.”

“तुला कवा कळलं?”

“पाचव्या प्रकरणात.”

“आता कितवं चाललंय?”

“अकरावं.”

“साकु,” ते म्हणाले. पुरे. अर्धी हयात कोर्टात कन्नड बोलण्यात गेल्यामुळे आप्पांना राग येतो तो कन्नडमध्ये. मग मराठीत आले. “माझा साक्षीदार कुणी फिरवला तर मी सोडत नव्हतो. तू तर आख्खा माणूस बदलून दिलास. आन् मला काय झेपंल, काय न्हाय, ते तू ठरवणार?”

मला मान वर करता येईना. तीस वर्षं वर्गावर दरारा ठेवलेली मी, वडिलांपुढे चोरी पकडल्यासारखी उभी होते. चिटणिसाला मी फोन करून नाही म्हणून सांगते, असं म्हणाले, तर त्यांनी हात उडवला.

“पाचव्यापासनं परत वाच. जसं हाय तसं.”

जेवणाची वेळ टळून गेली तरी मी वाचत होते. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं. “त्याची रेघ जागेवर हाय, माणसं हालत्यात,” ते सावकाश म्हणाले. “आमी जागेवर हुतो, रेघ हालली.” मला वाटलं, सुटलं एकदाचं, उद्या हेच सांगतील. पण थोड्या वेळानं त्यांनीच मान हलवली. “पर त्योबी म्हणतोय, आमचं आमाला. मीबी चाळीस वर्सं तेच म्हणालो. वाच पुढं.”

रविवारी वाचनालयात चाळीसएक माणसं होती. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या म्हणून काही जण भिंतीला टेकून होते. आप्पा बारा मिनिटं बोलले आणि एकदाही अडखळले नाहीत. विधवेचा दावा सांगितला, बायकोचं आजारपण सांगितलं, कुंपण सांगितलं, परत पाठवलेली माणसं सांगितली. मी आधी त्याला आपल्यातला समजलो होतो, माझी चूक झाली, हेही सांगितलं. ती चूक माझी होती, पण माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी मागच्या रांगेत बसून पहिल्यांदाच श्वास सोडला.

मग चिटणिसानं विचारलं, कुणाला काही प्रश्न? पुढच्या रांगेतली एक तरुण मुलगी उठली. गावातलीच, दोन वर्षांपासून बेळगाव कोर्टात वकिली करते.

“आप्पा, तुम्ही तिथं असता तर कुणाचं वकीलपत्र घेतलं असतं? त्या वकिलाचं, का परत पाठवलेल्या माणसांचं?”

आप्पांनी तोंड उघडलं आणि मिटलं. माइक हातात तसाच राहिला. मला त्यांची अडचण दिसत होती, कारण आदल्या दिवसापासून माझीही तीच होती. त्या वकिलाचं घ्यावं, तर एकदा कायद्यानं आखलेली रेघ निमूट मानायची असते हे कबूल करायचं. आणि आप्पांना आयुष्यभर समोरच्यांनी हेच ऐकवलं होतं. त्या माणसांचं घ्यावं, तर माणूस जाईल तिथं त्याचं घर, रेघेला काय एवढं महत्त्व, असं होतं. मग आप्पा कशासाठी तुरुंगात गेले होते? ते उभे होते. अर्धं मिनिट गेलं असेल. खुर्च्या करकरायला लागल्या. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, “परत विसरलं बघ बिचारं.”

वाचनालयाचे अध्यक्ष उठले. आप्पांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “या वयात एवढं बोलले, हेच खूप झालं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. लहान मुलाचं पाठांतर अर्धवट राहिलं की वाजवतात, तशा. माझं डोकं फिरलं. मी उभी राहिले.

“विसरलेले नाहीत ते,” मी म्हणाले. आवाज वर्गातला निघाला. “विचार करतायत. थांबा जरा.”

टाळ्या थांबल्या. आप्पांनी आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं आणि अध्यक्षांचा हात पाठीवरून हळूच काढला.

“विसरलो न्हाय,” ते माइकमध्ये म्हणाले. “मला ठरवता येईना. पन्नास वर्सं वकिली केली. अशील आला की बाजू ठरलेली असायची, आन् भाषणाला गेलो तरी ठरलेली असायची. आज ह्या पोरीनं विचारलं आन् मला ठरवता येईना. एवढंच हाय.”

मुलगी नमस्कार करून खाली बसली. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मी पुढे गेले. पायऱ्या उतरताना आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“तुझ्या त्या वकिलाला कवा ठरवता आलं न्हाय, असं झालं का गं? पुस्तकात?”

शेवटचं प्रकरण मी त्याच सकाळी संपवलं होतं. खोटं बोलणं सोपं होतं. एखादं वाक्य घालायला किती वेळ लागतो?

“नाही आप्पा,” मी म्हणाले. “त्याला शेवटपर्यंत सगळं ठरवता आलं.”

“मग निवडून येणारच की त्यो,” आप्पा म्हणाले, आणि पायानं चपला चाचपायला लागले.