दार लावणारी मेथड

बाबा महूच्या फौजी वर्कशॉपमधून रिटायर झाले आणि बेटमा रोडवरच्या एका बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर म्हणून लागले. घरी बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्याच कोल्ड स्टोरेजचं सॉफ्टवेअर आमच्या छोट्याशा कंपनीकडे आलं, तेव्हा त्यांनी तिथल्या सगळ्या हम्मालांना सांगून टाकलं की हे आमची मुलगी बनवते आहे.

सेन्सरचा क्लास, म्हणजे प्रोग्राममधला सगळ्या सेन्सरांचा एकच साचा, मी लिहिला होता. धोका दिसल्यावर काय करायचं हे सेन्सरला ठाऊक नसायचं. ते काम करणारी मेथड, म्हणजे कोडचा तुकडा, आपण पॅरामीटर म्हणून त्याच्या हाती द्यायची. वेळ आली की तो ती चालवणार, आपल्याला न विचारता. या रचनेचा मला भारी अभिमान होता. माकडाच्या हाती कोलीत देतो आहोत असं तेव्हा वाटलं नाही.

त्या दुपारी मी सहज कोड वाचत होते. तिकडे कोल्ड स्टोरेजमध्ये आमचं सॉफ्टवेअर सकाळीच चालू झालं होतं. तापमान वाढलं की दारं लावायची, थंडावा बाहेर जाऊ नये म्हणून, इथवर ठीक. पण थंडाव्यासाठी नळ्यांतून फिरणाऱ्या अमोनिया गॅसची गळती पकडणाऱ्या सेन्सरलाही तीच मेथड दिलेली.

"हे कुणी केलं?"

"मीच," शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. "टेन्शन कायको घेते? क्लास तर एकच आहे ना. दुसरी मेथड बनली नव्हती, तर हीच पास करून दिली. नंतर बदलून घेऊ."

गॅस सुटला की आत माणसं असतानाच दारं लागणार होती. मी बाबांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला.

"हां बेटा, बोल. अगं, दारं आत्ताच आपोआप लागली बघ. एकदम बढिया काम केलंय तुम्ही लोकांनी."

"बाबा, आत कोण आहे?"

त्यांच्या मागे कुणीतरी आतून दार बडवत होतं.

"दोघं हम्माल आहेत. आणि हा उग्र वास कसला येतोय?"

"गॅस सुटलाय. दार हाताने उघडा, बाबा!"

तोंडाला ओलं फडकं बांधा, कुणाला तरी बोलवा, तुम्ही लांब राहा, यातलं काहीच माझ्या तोंडून निघालं नाही. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, मग दार सरकल्याचा, मग खोकण्याचा. त्यात बाबांचं खोकणं मला वेगळं ऐकू येत होतं.

ते दोघे बरे होऊन कामावर परतले. बाबा आता जिना चढताना मध्येच बसतात. कुणी विचारलं की माझ्यादेखत सांगतात, मुलीने वेळेवर फोन केला म्हणून दोन जीव वाचले.