काचेआडचा सिंथेसायझर

इलेक्ट्रॉनिक संगीत सुरू करणाऱ्या एका परदेशी बँडच्या वाद्यांचं प्रदर्शन आमच्या शहरात आलं होतं. आप्पांना मीच हट्टाने नेलं. ते सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवायचे. सिंथेसायझर आला आणि त्यांना बोलावणं बंद झालं.

तेच यंत्र तिथे काचेआड, मंद दिव्याखाली मांडलं होतं. माहिती सांगणारी मुलगी कौतुकाने म्हणाली, "हा एकटा व्हायोलिनचा अख्खा ताफा वाजवायचा!"

"आणि ताफा घरी बसायचा," आप्पा म्हणाले.

म्हाताऱ्या यंत्राची केवढी ही बडदास्त! मला ती काच फोडावीशी वाटली.

मुलगी ओशाळली. "ऐकून तरी बघा, आजोबा." तिने हेडफोन दिले. आप्पा डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.

"सुरात आहे मेला," ते दातओठ खात म्हणाले, आणि तरातरा बाहेर पडले.