चारित्र्य सुधारा

मी लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मेल राखायला होते. 'राखायला' हा शब्द आमच्या अप्पांचा. दुकानात कुणी विचारलं, पोरगी काय करते, की अप्पा गादीवरून सांगायचे, "मेल राखती." ऐकणाऱ्याला वाटायचं, पोरगी रेल्वेत आहे.

पण काम खरंच राखणीचं होतं. क्लासच्या लातूर आणि नांदेड अशा दोन शाखा. गावोगावचे पालक मेल पाठवायचे, आणि त्यांच्या गर्दीत लॉटरीवाले, औषधवाले, व्हायरसवाले आत घुसायचे. म्हणून बाहेरून येणारी प्रत्येक मेल आधी एका मशीनमधून जायची आणि ते मशीन मी ब्राउझरमधून चालवायचे. पासवर्ड टाकला की पान उघडायचं. सुटलेल्या मेल हिरव्या, संशयित पिवळ्या, अडवलेल्या लाल. बाजूला बटणं, सोडा, अडवा, कायमचं अडवा. नोकरी नवी होती आणि मला त्या पानाचा असा काही माज चढला होता की विचारू नका. चहावाल्यालासुद्धा मी आधी संशयाने बघायचे, मग आत सोडायचे.

क्लासचे मालक म्हणजे आमचे सर. मूळचे धर्माबादचे. भूकंपानंतर लातूर अंग झाडून उठलं आणि गल्लीगल्लीत क्लास निघाले, त्या धामधुमीत ते फिजिक्सचं एक पुस्तक आणि एक ट्रंक घेऊन आले आणि बघता बघता चौकाचौकात त्यांचे फ्लेक्स लागले. फळ्यासमोर वाघ, पण कॉम्प्युटरसमोर बसले की खुर्ची मागे मागे सरकवायचे. अनोळखी मेल उघडली की व्हायरस येतो, असं मी एकदा त्यांना सांगून बसले होते. तेव्हापासून ते ओळखीची मेलही दुसऱ्याकडून उघडून घ्यायचे.

एका निकालाच्या वेळी भानगड झाली. पहिल्या आलेल्या एकाच मुलीचा फोटो आमच्या फ्लेक्सवरही झळकला आणि समोरच्या क्लासच्या फ्लेक्सवरही. दोघंही म्हणायचे, पोरगी आमची. मग कुणीतरी बिननावाची मेल पाठवली, इंग्रजीत, तुमचा धंदा मारून टाकू म्हणून. सर भडकले.

"मॅडम, तुमच्या त्या मशीनला सांगा, धमकीचं एक अक्षर आत येऊ द्यायचं न्हाई."

"कोणते शब्द टाकू सर?"

"किल टाका. मर्डर टाका. बॉम्ब टाका."

"नुसतं किल, की किलर, किलिंग पण?"

"किलच्या पोटातून जे जे निघंल ते सगळं धरा!"

सरांचा हुकूम. 'पूर्ण शब्द जुळला तरच' या चौकटीतली खूण मी काढून टाकली. मेल अडवली की पाठवणाऱ्याला आपोआप उत्तर जातं, तेही सरांनी स्वतः सांगून लिहवून घेतलं. "आपली भाषा या विद्यामंदिरास शोभणारी नाही. कृपया चारित्र्य सुधारा."

मी म्हटलं, "सर, मशीनचं आपलं साधं वाक्य आहे की."

"साध्या वाक्यानं कोण सुधरलंय मॅडम?"

शिवाय हा हिंसेचा कप्पा फक्त सरांच्या लॉगिनला. पोरीबाळींनी असलं वाचायचं नाही, असं त्यांनी बजावलं. रोज सकाळी कुणाची मेल, कुणाला, कोणता शब्द सापडला, एवढी यादी त्यांच्यासमोर यायची. ते मेल उघडायचे नाहीत. लांबूनच नावं वाचायचे आणि डास मारावा तसं बोट आपटून 'कायमचं अडवा' दाबायचे. सगळ्या कॉम्प्युटरमध्ये तेवढं एक बटण त्यांना मनापासून आवडलं होतं.

त्याच सुमारास उदगीरच्या मामानं माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा जनावरांचा डॉक्टर, नोकरी लोह्याला, मूळ गाव किल्लारी. आईवडील भूकंपात गेलेले, चुलत्यानं वाढवलेला. पोहे झाले, ताटल्या फिरल्या. किल्लारी म्हटल्याबरोबर आमच्या बैठकीत जे व्हायचं तेच झालं. सगळ्यांचे आवाज खाली गेले. मामानं विचारलं, "तुमच्या घरातलं कोण कोण…?" आणि तो बिचारा पाढा म्हणावा तसं एकेक सांगायला लागला. किती बैठकांत म्हटला असेल हा पाढा, कोण जाणे.

माझं डोकंच फिरलं. माणसाला पोहे खायला बोलवायचं आणि घास घशात अडकवायचा, ही कुठली रीत? मुलीनं बोलायचं नसतं वगैरे सगळं विसरून मी मध्येच विचारलं, "लहानपणी तिथं तुम्ही काय खेळायचात?"

बैठक माझ्याकडे बघायला लागली. अप्पा खोकले. त्यानं चमचा खाली ठेवला, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "दोन शब्दांत न्हाई सांगता यायचं. लिहून पाठवलो तर चालंल का?"

त्याच्या मिशीला खोबऱ्याचा कीस चिकटला होता आणि मला तो आवडला. आडपडदा कशाला, जाम आवडला. मी ऐटीत त्याला माझा ऑफिसचा मेल पत्ता दिला. मेल राखणारीनं दुसरा कुठला पत्ता द्यायचा?

मग मी वाट बघायला लागले. रोज ऑफिसात गेले की आधी मेल उघडायची. कुणाची मेसची डाळ पातळ, कुणाच्या पोराला होस्टेलवर खालची कॉट पाहिजे. लोह्याहून काही नाही. पहिले काही दिवस मी गाणं गुणगुणत काम केलं, पुढे प्रिंटरवर डाफरायला लागले. शेवटी म्हटलं, गेला उडत. म्हशींचा डॉक्टर तो, माणसांशी काय बोलणार! असं म्हणायचे आणि पुन्हा मेल बघायचे.

एका सकाळी मामाचा फोन आला. अप्पांनी स्पीकर लावला, कारण मामा ओरडतच होता.

"पोरगी न्हाई म्हणती तर न्हाई म्हणा की! पण त्या पोराला चारित्र्य सुधार म्हणून लिहून कळवायचं व्हय? त्याचा चुलता मला विचारून राहिलाय, आमच्या पोरानं असं काय केलं म्हणून. काय सांगू मी?"

अप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बाई, तू काय लिहिलीस त्याला?"

मी काहीच लिहिलं नव्हतं. पण चारित्र्य सुधारा हे दोन शब्द ऐकले आणि माझ्या डोळ्यांसमोर सरांची मिशीच उभी राहिली. चप्पल कुठली घातली ते न बघता मी स्कूटी काढली.

सर केबिनमध्येच होते. मला बघून म्हणाले, "या मॅडम, मीच बोलावणार होतो. घाबरू नका. लोह्याचा कुणी गुंड तुमच्या मागं लागलाय. मी त्याला कायमचा अडवून टाकलो!" आणि एखाद्या पराक्रमी मोठ्या भावासारखं त्यांनी पेपरवेट टेबलावर ठेवला.

"सर, तुमचा कप्पा उघडा."

त्यांनी उघडला. पाठवणारा तो. मेल मला. विषय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. कारण, हिंसा. सापडलेला शब्द, किल.

"एकदा न्हाई मॅडम, ओळीओळीत किल लिहून राहिलाय! खामखा तुम्हाला घाबरवायचं कशाला म्हणून मीच…"

मी मेल उघडली. सरांनी व्हायरसच्या धास्तीनं पाय वर घेतले. पत्र मराठीत होतं, पण तेव्हा सगळेच लिहायचे तसं इंग्रजी अक्षरांत. ओळीओळीत लाल रंग भरला होता. इंग्रजीत किल्लारी लिहिली की पहिली चार अक्षरं किल. मशीननं प्रत्येक किल्लारीतला किल तेवढा लाल केला होता आणि मागे 'आरी' उरली होती.

मी मोठ्यानं वाचलं. हसू आवरत नव्हतं, म्हणून अडखळत वाचलं.

"किल्लारीत आम्ही सायकलचे टायर पळवायचो. किल्लारीतली सगळ्यात उताराची गल्ली आमच्या दारावरून जायची. एकदा माझा टायर हातातून सुटला, तो थेट एका लग्नाच्या पंगतीत, आणि बुंदीच्या टोपल्यात जाऊन बसला. नवरदेवसुद्धा माझ्या मागं पळाला. पण किल्लारीतल्या गल्ल्या मला जेवढ्या पाठ, तेवढ्या कुणाला न्हाईत. मी किल्लारीत लई हसलोय. तुम्ही विचारलात म्हणून आठवलं."

इथे माझं हसू थांबलं आणि डोळे भरून आले. सरांनी पाय हळूच खाली सोडले.

"अगं माय," ते म्हणाले. मॅडम म्हणायचं विसरून गेले होते. "भूकंपाच्या टायमाला आम्ही पोरं मदतीच्या भाकरी बांधून तिथं गेलतो. तवापासून त्या गावाचं नाव निघालं की मला ते पडलेलं गावच दिसतंय. तिथं बुंदी पण असंल, हे कधी ध्यानातच आलं न्हाई." मग एकदम त्यांना दुसरं आठवलं आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "आन् त्याला मी चारित्र्य सुधार म्हणलो?"

"म्हणालात."

"आता काय करायचं?"

'पूर्ण शब्द'ची खूण मी परत लावली. कायमचं अडवलेल्यांतून त्याला सोडायचं बटण मात्र सर म्हणाले, मलाच दाबू द्या. त्यांनी ते दोन बोटांनी दाबलं. मग मी परवानगी असलेल्या शब्दांचं पान उघडलं. आजवर तिथं काहीच नव्हतं. त्यात पहिला शब्द म्हणून मी गावाचं नाव टाकलं.

मामाकडून नंबर घेऊन सरांनीच फोन लावला. "डॉक्टरसाहेब, मी क्लासचा सर. चारित्र्य माझंच सुधारायचंय, तुमचं चोख हाय." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण सर लाजून हसायला लागले आणि फोन माझ्या हातात कोंबला.

मी कामाचा आवाज काढला. कान मात्र तापले होते. "हॅलो. नियम बदललाय. बरोबर बसला का बघायला एक टेस्ट मेल लागेल. त्यात तुमच्या गावाचं नाव पाहिजे."

"टेस्टच का?"

"टेस्टच."

तो हसला. मागे कुठेतरी म्हैस ओरडत होती. फोन ठेवून मी माझ्या टेबलावर आले, पान ताजं केलं, पुन्हा ताजं केलं. मेल आली. हिरवी. सरळ माझ्या पुढ्यात, कुठंही न अडता.

सर दारात येऊन उभे राहिले. "आली का?"

"आली सर."

"काय लिहिलंय?"

"टेस्ट आहे सर."

एकच ओळ होती. किल्लारीला याल का? त्यात लाल काहीच नव्हतं. सर जायला तयार नव्हते, म्हणून मी स्क्रीन जरा वळवून घेतली आणि उत्तरात आमच्याकडचा 'हो' चारच इंग्रजी अक्षरांत टाइप केला, हाव.